कश्का-बेलला काय जगेल?

कश्का-बेल, १४ ऑगस्ट १९९३

आदरणीय कानिशाय एजे,

सलाम. तुम्ही वयाने मोठ्या, म्हणून थोरल्या बहिणीसारखं एजे म्हणते. आवडलं नाही तर कळवा, दुसरं काही म्हणेन. आपण कधी भेटलो नाही. मी बात्मा, असानकुलची बायको. म्हणजे तुमच्यानंतरची.

गेल्या नोव्हेंबरात तार केली होती ती मीच. आमचा पोरगा कुबात गेला त्याच रात्री बर्फाने खिंड बंद झाली, तुम्हाला येताच आलं नसतं, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. कोळशाचा ट्रक घेऊन वर येत होता. बर्फावरून घसरला. सव्विसाव्या वर्षी. जास्त लिहवत नाही.

पत्राचं कारण वेगळं आहे. त्याची कबर गावाच्या वरच्या अंगाला, बापाच्या शेजारी आहे. असानकुल त्याच्या आधीच गेला, खाणीने छाती खाल्ली त्याची. दोघांना मिळून लोखंडी कुंपण घातलंय. पण आत नुसते दगड आणि धूळ. उन्हाळ्यातसुद्धा हिरवं पान दिसत नाही. खाण बंद पडत चाललीय. एकेक घर दारं-खिडक्या काढून, ट्रकवर लादून खाली जातंय. आज ना उद्या मलाही जावं लागेल. मग तिथं कुणी फिरकणार नाही. कुणी नसलं तरी वसंतात आपलं आपण काहीतरी उगवावं, एवढंच वाटतं.

तुम्ही काराकोलच्या रोपवाटिकेत आहात, झाडांतलं तुम्हाला कळतं, असं असानकुल सांगायचा. (चांगल्या सुरात सांगायचा, हेही लिहून ठेवते.) इथं जगेल असं काही सुचवा. तो तुमचाही होता.

बात्मा


काराकोल, ५ सप्टेंबर १९९३

बात्मा,

पत्र पोचलं. उताराचं तोंड कोणीकडे, वारा कुठून येतो, बर्फ वितळल्यावर पाणी साचतं का, हे कळवलं असतंत तर बरं झालं असतं. आता विचारत बसले तर जमीन गोठेल, म्हणून पार्सल पाठवते आहे.

ट्युलिपचे कंद आहेत, लाल, आमच्याकडचे सगळ्यात टपोरे. पिओनीच्या दोन मुळ्या. लायलॅकचं एक रोप. कंद टोक वर करून, त्याच्या उंचीच्या तिप्पट खोल. पिओनीचं उलट, तिचे डोळे मातीत जेमतेम झाकले जावेत, खोल गेली तर फुलत नाही. सगळ्यावर पेंढा पसरा. थंडीची भीती नको, या जाती कडक आहेत.

एजे म्हणायला हरकत नाही.

कानिशाय


कश्का-बेल, १० ऑक्टोबर १९९३

कानिशाय एजे,

पार्सल आलं. ट्रकवाल्याने सीटखाली ठेवून आणलं, नाहीतर वाटेतच गारठलं असतं. सांगितलंत तसंच सगळं लावलं. कुदळीने दगड उकरता उकरता दोन्ही हातांना फोड आले, पण त्याचं काही नाही.

आमचे मोल्दोके, म्हणजे आमचे मुल्ला हो, काठी टेकत आले. म्हणाले, "बात्मा, कबर आहे की अंगण? कबरीवर देव जे गवत उगवेल तेच असावं, बाहेरून आणून लावू नये." मी म्हटलं, "मोल्दोके, देव या बाजूला गवत पाठवायचं विसरलाय. मी नुसती आठवण करून देतेय." ते हसले नाहीत. पण उपटूनही टाकलं नाही.

तुम्ही विचारलंत ते: उताराचं तोंड पश्चिमेला. वारा तिकडूनच, खिंडीतून, वर्षभर. बर्फ पडतं पुष्कळ, पण वारा ते कबरींवर ठरू देत नाही, खालच्या नाल्यात नेऊन टाकतो. पेंढ्यावर दगड ठेवलेत.

बात्मा


काराकोल, २० मे १९९४

बात्मा,

टपाल वर जायला लागलं असं कळलं. आमच्याकडे लाल ट्युलिप फुलून गेलेसुद्धा. तुमच्याकडे आता येत असतील. आले का? तेवढं कळवा. दोन ओळी पुरे.

कानिशाय


कश्का-बेल, ११ जून १९९४

कानिशाय एजे,

आले. गेल्या आठवड्यात उघडले. सगळे लाल. वाऱ्याने जरा वाकतात, पण मोडत नाहीत. लायलॅकलाही पालवी आहे. येणारीजाणारी माणसं थांबून बघतात. तुमच्या हाताला यश आहे.

बात्मा


काराकोल, ३ जुलै १९९४

बात्मा,

तुमचं पत्र मी रोपवाटिकेतच उघडलं, कुंड्यांच्या मागे उभी राहून. तिथंच खाली बसले. बरोबरच्या पोरींना वाटलं, ऊन लागलं.

मला मूलबाळ दुसरं झालं नाही, तुम्हाला माहीत असेल. लग्नही परत केलं नाही. चार वर्षांचा होईपर्यंत त्याला न्हाऊमाखू घातलं, त्यानंतर त्याच्यासाठी माझ्या हातून काहीच झालं नाही. साधा मोजा विणला नाही. आता निदान माझ्या हातची फुलं त्याच्यापाशी आहेत.

या शरदात आणखी कंद पाठवते, लाल आणि पिवळे दोन्ही. आणि पुढच्या जूनमध्ये मी स्वतः येणार. फुलली असतानाच यायचं आहे. परवान्याचं काय ते बघते.

तुमची,
कानिशाय


कश्का-बेल, ३० जुलै १९९४

कानिशाय एजे,

तुमचं पत्र वाचून आनंद झाला. पण येण्याचं जरा विचार करून ठरवा. रस्ता फार बिघडलाय, दुरुस्त करणारी माणसंच राहिली नाहीत. सरहद्दीचा परवाना सहज मिळत नाही. आणि इथली हवा पातळ, तुमच्या छातीला सोसायची नाही. कंद पाठवायचीही घाई करू नका. आहे ते पुष्कळ आहे.

बात्मा


काराकोल, २१ ऑगस्ट १९९४

बात्मा,

समजलं. फुलं चालतात, बाई नको.

तुला एकदा सांगून टाकते, म्हणजे तुझ्याही मनात काही राहायला नको. मी मुलाला टाकून गेले नव्हते. दुसऱ्या बाळंतपणात बाळ गेलं आणि माझ्या छातीत पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, खाली न्या, नाहीतर ही पण जाईल. माझ्या भावाने मला रजईत गुंडाळून ट्रकमध्ये घातलं. सासूबाई कुबातला कडेवर घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "पोरगा घरचा आहे, घरीच राहू दे. तू बरी होऊन ये." बरी व्हायला दोन हिवाळे गेले. निघाले, तर खालच्या गावातच बायकांनी सांगितलं, असानकुलने नवी बायको आणलीय, पोर तिला आई म्हणतं. तिथूनच मागे फिरले. तुझा त्यात दोष नव्हता, मी कधी काढलाही नाही.

पण आता तो कुणाचाच राहिलेला नाही. मग त्याच्या दगडापाशी मला जागा द्यायला तुझं काय जातं?

कानिशाय


कश्का-बेल, १८ सप्टेंबर १९९४

एजे,

एकही उगवलं नाही.

कंद मे महिन्यात उकरून बघितले, काळे, बोट लावलं की लगदा. पिओनीच्या मुळ्या पोकळ. लायलॅकची काडी वाऱ्याने सोलून निघाली. पेंढा पहिल्याच वादळात गेला, दगडांसकट.

तुमचं दोन ओळींचं पत्र आलं, 'आले का' म्हणून. मी लिहायला बसले 'नाही', आणि हात चालेना. मुलगा गेल्याची तार याच हाताने केली होती. तुम्हाला दुसऱ्यांदा 'नाही' कसं कळवू? म्हणून आले म्हणून लिहिलं. मग तुम्ही येते म्हणालात आणि मी रस्ता, परवाना, हवा सगळं पुढे केलं. तुम्ही येऊ नये असं नव्हतं. तुम्ही येऊन धूळ बघू नये, असं होतं.

आता काय म्हणायचं ते म्हणा.

बात्मा


काराकोल, २ ऑक्टोबर १९९४

बात्मा,

तुझ्या पत्रावर मी संबंध उन्हाळा जगले. ज्याला त्याला सांगत सुटले, माझ्या मुलाच्या कबरीवर फुलं आली म्हणून. आता त्या प्रत्येकाला काय सांगू? मेलेल्या माणसाच्या नावाने खोटं लिहायला तुझा हात कसा वळला?

परत लिहू नकोस.

कानिशाय


काराकोल, ९ जुलै १९९५

बात्मा,

सुखरूप पोचले. खोकला आहे, पण तो असायचाच.

तुझ्या घरी मी नीट बोलले नाही. न कळवता आले, आणि तू दार उघडलंस तेव्हा "फुलं बघायला आलेय, दाखव" म्हणाले. वर येताना संबंध वाटभर तेच वाक्य घोकत होते. तू उलटून काही बोलली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

वाटेत काय झालं ते तुला सांगितलं नाही. ज्या ट्रकने आले त्याच्या ड्रायव्हरने विचारलं, "कुणाकडे निघालात, आपा?" मी म्हटलं, "मुलाकडे." "काय करतो?" "ट्रक चालवतो." तो खूश झाला. "मग ओळखत असणार मी. नाव काय?" मी नाव सांगितलं. वर चढताना एका वळणावर त्याने गाडी थांबवली, टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि परत घालून निघाला. ती जागा मला अशी कळली.

आता कामाचं. चूक माझी होती आणि ती धंद्यातली चूक होती. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी आधी वारा विचारला असता, उत्तर येईपर्यंत थांबले असते, आणि टपोरे लाल ट्युलिप हातात धरले नसते. पण माझ्या मुलासाठी म्हणून मी सगळ्यात देखणं ते उचललं. जगेल ते उचललं नाही. थंडीने झाडं क्वचितच मरतात, बात्मा. उघडी पडली की मरतात. दिवसा वितळतं, संध्याकाळी गोठतं, तसं रोज झालं की मरतात. बर्फ म्हणजे त्यांचं पांघरूण, आणि तुमचा वारा तेच ओढून नेतो.

मी तुला विचारलं, "इथं वसंतात काहीच फुलत नाही?" तर तू म्हणालीस, "नाही. नाल्याकडे ती रानटी येतात तेवढी." आणि मला नाल्यात नेलंस. त्या काठावर वितळत्या बर्फाला चिकटून ती पांढरी बायचेचेकेय उभी होती, पिवळ्या गळ्याची, बोटभर उंचीची. त्यांना कुणी पेंढा घातला होता? मी खाली बसले ती दम लागला म्हणून नव्हे.

तर आपलं ठरलं तसंच करायचं. बायचेचेकेयच्या प्रत्येक झुबक्याशेजारी मी खडे ठेवून आले आहे. ऑगस्टमध्ये पानं वाळून गेली की खड्यांच्या खुणेवर खण, तोवर नको. पश्चिमेच्या अंगाला गुडघाभर उंचीचे दगड रच, म्हणजे त्यांच्या आडोशाला बर्फ ठरेल. तळाला वाळू आणि बारीक खडी, पाणी उभं राहता कामा नये. शेणखत अजिबात नको, लाडाने मरतात ती. जांभळी लवदार फुलं आहेत ना, लोकर पांघरल्यासारखी, त्यांचं रोप उपटू नकोस, त्यांचं मूळ खोल जातं आणि तुटतं. त्यांचं बी पिकलं की त्याच दिवशी कबरीवर टाक आणि हाताने दाब. हिवाळा लागल्याशिवाय ते रुजत नाही. आणि ते काटेरी झुडूप, उंटशेपूट, कुंपणाच्या कोपऱ्यात. दिसायला ओबडधोबड आहे खरं. पण तेच शेवटपर्यंत राहील.

आणि एजे म्हणतेस तर मला 'तू' म्हण. बहिणीला कुणी 'तुम्ही' म्हणत नाही.

कानिशाय


कश्का-बेल, २४ सप्टेंबर १९९५

कानिशाय एजे,

'तू' लिहिताना हात अडखळतोय, पण लिहिते.

तू सांगितलंस तसं सगळं झालं. उंटशेपटाची तीन लहान रोपं मुळांसकट आणली, त्याचं आणि जांभळ्या फुलांचं बीसुद्धा टाकलं. दगड रचायला मोल्दोके आले. मी म्हटलं, "बाहेरून आणलेलं चालत नाही ना तुम्हाला?" तर म्हणाले, "हे याच डोंगरातलं आहे. शेजारी शेजाऱ्याकडे गेला, त्यात काय?" आणि ते वय असून दगड उचलत राहिले. दुसऱ्या दिवशी तेही मुलाकडे खाली गेले.

वीज गेली ती आता येणार नाही म्हणतात. शाळेचं छप्पर कुणीतरी नेलं. आमच्या रांगेत शेवटची चूल माझी. लेक नाझिरा तोकमोकहून जावयाला घेऊन आलीय, परवा निघायचं. तिच्या घरी सफरचंदाची बाग आहे, काडी खोचली तरी जगते अशी जमीन. मी म्हटलं, "मला तिथं काय काम?" ती म्हणाली, "आई, तू तिथं नुसती बस." नुसतं बसायला मला येत नाही, तुला माहीत आहे.

सकाळी वर जाऊन आले. जाते म्हणून सांगितलं दोघांना. बापाला जरा रागावून सांगितलं, मुलाला नाही. त्याला म्हटलं, आता ती येईल. तोकमोकहून मला वर येणं जमेल असं दिसत नाही, गुडघे राहिले नाहीत. तू जवळ आहेस. जमेल तेव्हा जा.

बात्मा


काराकोल, २३ जून १९९६

बात्मा,

जाऊन आले. त्याच ड्रायव्हरने नेलं, काम नसताना. खाली थांबला, वर आला नाही.

गावात माणूस नाही. तुझ्या घराला दार नाही. दोन कुत्री होती, ती माझ्यामागून कबरींपर्यंत आली.

जसं आहे तसं लिहिते. बायचेचेकेय निम्मीअधिक आली. मी पोचले तेव्हा फुलं संपत आली होती, पण दगडाच्या सावलीत बर्फाचा एक पट्टा उरला होता, तिथली ताजी होती. दगडांनी बर्फ अडवलं, हे खरं झालं. जांभळ्याचं बी रुजलंय, दोन-दोन पानं आहेत, फूल धरायला अजून वर्षं लागतील. उंटशेपटाच्या बियांचा पत्ता नाही. तीन रोपांतलं एक जिवंत आहे. असानकुलच्या बाजूला काही नाही आलं. तिथं मी थोडं बी टाकून आले. माझा त्याच्यावर राग होता, पण तो आता कुठवर धरायचा?

खूप वेळ बसले. एवढी वर्षं झाली, तुझी-माझी एवढी पत्रं झाली, दोन दिवस तुझ्या घरी राहिले, आणि तुला मी कंद, माती, वारा याखेरीज काही विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. आता विचारते.

तो माझी आठवण काढायचा का?

गोड लिहू नकोस. तू एकदा मला दुखू नये म्हणून लिहिलंस, ते मी माफ केलंय, पण तसं परत नको. होतं तसं लिही.

कानिशाय


तोकमोक, १५ जुलै १९९६

कानिशाय एजे,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज लिहायला घेते आणि ठेवते. आज नाझिरा पोरांना घेऊन बाजारात गेलीय, घर रिकामं आहे.

नव्हता काढत.

मी वीस वर्षांची, लग्न होऊन आले, बूटसुद्धा काढले नव्हते, तर सासूबाईंनी पाच वर्षांचं पोर माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, "हा तुझा." तो माझ्याकडे बघेना. खालून ट्रक आला की दाराबाहेर जाऊन उभा राहायचा. कोण कोण उतरतं ते बघायचा, मग आत यायचा. त्या हिवाळ्यात खिंड बंद झाली आणि ट्रक थांबले. वसंतात परत सुरू झाले तेव्हा पहिला ट्रक आला, भोंगा वाजला, आणि तो उठला नाही. माझ्याजवळ बसून पिठाचे गोळे करत राहिला. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, एजे. तू होतं तसं लिही म्हणालीस म्हणून लिहिते.

नंतर तो सरळ वाढला. हट्टी होता. खारा चहा त्याला आवडायचा नाही, साखर चोरायचा. गाणं बेसूर म्हणायचा, पण मोठ्याने म्हणायचा. गाडीचं इंजिन खोलून बसला की जेवायला दहा हाका माराव्या लागत. नाझिराला त्याने घोड्यावर बसायला शिकवलं, आणि पडली तेव्हा माझ्या आधी तोच रडला. त्याला कशाची उणीव भासली नाही. तू ज्या काळजीने विचारलंस ती काळजी ठेवू नकोस. तो दुःखी नव्हता.

एकदाच विचारलं त्याने. चौदा वर्षांचा होता. शाळेत भांडण झालं, कुणीतरी म्हणालं, तुझी आई खरी नाही. घरी आला, हात धुतले, जेवायला बसला. शोरब्याचा वाडगा अर्धा संपवला आणि मान वर न करता म्हणाला, "ती उंच आहे का?" त्या वर्षी तो एकदम वाढला होता. बापाच्याही वर गेला होता. आमच्याकडे सगळे बुटके, लोक थट्टा करायचे, हा कुणावर गेलाय म्हणून.

मी तुला पाहिलंच नव्हतं. असानकुलला विचारावं तर तो घरी नव्हता. मी म्हटलं, "हो, उंच आहे." तोंडाला आलं ते म्हटलं. त्याने मान हलवली आणि वाडगा पुढे केला, आणखी वाढ म्हणून. परत त्याने तो विषय काढला नाही. मी मात्र बायकांना विचारून विचारून सगळं जमवून ठेवलं होतं: तुझे डोळे कसे, केस कसे, हसायचीस कशी; उंची तेवढी विचारली नाही, मी खोटी ठरेन म्हणून. त्याने विचारलं तर सांगता यावं म्हणून.

मग गेल्या वर्षी जूनमध्ये दार वाजलं. मी उघडलं. तू आत पाऊल टाकलंस, आणि डोकं लागू नये म्हणून चौकटीखाली मान वाकवलीस. आमच्या त्या दाराला आजवर मान वाकवावी लागली ती एकट्या त्यालाच. तू काय बोललीस ते मला ऐकूच आलं नाही. मला वाटलं, धावत जावं आणि त्याला सांगावं, अरे, आहे, उंच आहे.

बात्मा